वाचक विचारतात : घरावरचे सिमेंटचे पत्रे

सिमेंटच्या पत्र्यांविषयी इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. गावाकडे ज्याला नुसता ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात, त्या पन्हळी पत्र्यात सिमेंटबरोबर साधारण आठ ते दहा टक्के ॲसबेस्टॉसचा तंतू असतो. ॲसबेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणं भारतात १९८६ साली थांबलं, पण तंतू परदेशातून आणून पत्रे बनवणं आणि विकणं आजही कायद्याने चालतं. त्यामुळे ‘जुनं घर असेल तरच काळजी’ हा हिशेब आपल्याकडे लागू नाही. आयएसआय छापाचा करडा पन्हळी पत्रा ॲसबेस्टॉसचा आहे असंच धरून चाला. बिनॲसबेस्टॉसचे फायबर-सिमेंट पत्रेही मिळतात, पण डोळ्यांनी दोन्हींतला फरक कळत नाही. तो प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो.

प्रश्न : मागच्या पडवीवर १९८४ साली घातलेले सिमेंटचे पत्रे आहेत. गळत नाहीत, पण दर पावसाळ्यात हिरवंगार शेवाळ धरतं. मुंबईचा भाचा म्हणतो, याने कॅन्सर होतो, लगेच काढून टाका. काय करावं?
— एक वाचक, संगमेश्वर

घाई करू नका. भाचा म्हणतो ते खोटं नाही. ॲसबेस्टॉसच्या सगळ्या जातींनी कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते. पण तो होतो श्वासावाटे तंतू फुप्फुसात गेल्यामुळे. पत्र्यातला तंतू सिमेंटने धरून ठेवलेला असतो. पत्रा अखंड असून त्याला कोणी हात लावत नसेल, तर खाली बसून सुपारी कातरणाऱ्याच्या छातीत काही जात नाही. तंतू सुटतो पत्रा कापला, घासला, फोडला किंवा भोकं पाडली म्हणजे. हे तंतू केसाच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. त्यामुळे धूळ बसल्यासारखी दिसली तरी ते हवेत तरंगत राहतात.

शेवाळाला हात लावू नका. पावसाच्या पाण्याने वरचं सिमेंट वर्षानुवर्षं हळूहळू विरघळत जातं आणि तंतू उघडे पडतात. चाळीस वर्षांच्या पत्र्याच्या वरच्या थरात हेच झालेलं असतं. तारेचा ब्रश, खराटा किंवा गाडी धुण्याचा प्रेशर पंप मारला, की नेमका तोच थर निघून अंगणात उडतो. पत्र्यावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या छाटा, ऊन लागू द्या, शेवाळ आपोआप कमी होईल. पन्हळीत साचलेला करडा गाळ मात्र ओला असतानाच हाताने पिशवीत भरा. वाळल्यावर तो काढायला जाऊ नका.

रंग द्यायचा असेल तर न खरवडता, पत्रा ओला करून, पाण्यात विरघळणारा ॲक्रिलिक रंग रोलरने द्यावा. स्प्रे गनने नाही. फक्त वरच्या अंगाला घट्ट, पाणी न शोषणारा थर दिला, तर दोन बाजू वेगवेगळ्या आक्रसून पत्रा वाकतो आणि तडकतो. द्यायचाच तर दोन्ही अंगांना. पण खरं विचाराल तर पडवीच्या पत्र्यावर हा खर्च करण्याऐवजी तेच पैसे पुढे पत्रा बदलायला ठेवावेत.

वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, खालून बॅटरी लावून बघा. बोल्टच्या भोवती तडे, खालच्या कडांना सुटलेले धागे, मधोमध पडलेला झोळ यांपैकी काही दिसलं, तर बदलण्याची वेळ आली. एकच पत्रा फुटला असेल तर तेवढाच बदला.

प्रश्न : स्वयंपाकघर आणि गोठा मिळून चौदा पत्रे काढायचे आहेत. गावातला मिस्त्री म्हणतो, दोन तासांत घणाने पाडून देतो. बरोबर कसं काढतात?
— शेतकरी, कोरेगाव, जि. सातारा

घणवाल्या मिस्त्रीला नको म्हणा. पण तंतूच्या आधी पडण्याचं बोलू. तंतू माणसाला वीस-तीस वर्षांनी गाठतो, जुना पत्रा मात्र पाय ठेवल्याक्षणी. सिमेंटचा पत्रा वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो. बोल्टच्या ओळीवरून चाललं की भार पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या वाशावर जातो, ही समजूतही धोक्याची आहे. पाय एक वीत सरकला की संपलं. शक्य असेल तर वर जाऊच नका. खाली परांची बांधून खालूनच पत्रे सोडवा. वर जावंच लागलं तर निदान दीड फूट रुंद आणि तीन पर्लिनवर टेकेल इतक्या लांब दोन फळ्या घ्या. सहा मिमी पत्र्याखाली पर्लिनमधलं अंतर जास्तीत जास्त १.४ मीटर असतं, तेव्हा फळी दहा फुटांच्या आत नको. कमरेचा दोर भिंतीला किंवा पर्लिनला बांधा, पत्र्याच्या हुकाला नाही.

दिवस वारा नसलेला निवडा, सकाळची वेळ. जनावरं दुसऱ्या दावणीला न्या. कडबा, पेंड, भांडी, चूल सगळं बाहेर काढा. कडब्यात बसलेली धूळ पुढे वर्षभर हलत राहते. जमिनीवर भिंतीपासून दहा फूट बाहेरपर्यंत प्लॅस्टिकचा कागद अंथरा. शेततळ्याच्या अस्तराचा ५०० मायक्रॉनचा उरलेला तुकडा असेल तर उत्तम. नाहीतर २०० मायक्रॉनपेक्षा पातळ नको. दारं-खिडक्या बंद, मुलं शेजारच्या घरी.

पाण्यात साबण का, ते समजून घ्या. जुन्या पत्र्यावर नुसतं पाणी मारलं तर ते ओघळून जातं, तंतूंच्या आत शिरत नाही. दहा लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन चमचे टाकले, की पाणी भिनतं. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप यासाठी चांगला, पण ज्याने तणनाशक मारलं तो पंप नको. नॉझल बारीक धुक्याचं ठेवा, जोराची धार नको. आदल्या दिवशी एकदा, मग काम सुरू करण्याआधी पाव तास, वरून आणि खालून दोन्ही अंगांना भिजवा. काम चालू असताना एक माणूस फक्त पंपावर असू द्या.

पत्रे वळचणीकडून आढ्याकडे चढवलेले असतात, म्हणून काढताना उलट क्रम : आधी आढ्यावरची रिज (आढं झाकणारा तुकडा), मग आढ्यालगतची ओळ, शेवटी वळचणीची. जे-हुकचा, म्हणजे पत्रा पर्लिनला धरून ठेवणाऱ्या वाकड्या बोल्टचा, नट वरच्या बाजूला असतो आणि चाळीस वर्षांत तो गंजून एकजीव होतो. इथेच सगळं बिघडतं. नट फिरत नाही म्हणून मिस्त्री ग्राइंडर लावतो आणि चकती पत्र्यात जाते, किंवा पहार घालून पत्रा उचलतो आणि तो बोल्टभोवती फुटतो. त्याऐवजी दोन दिवस आधी नटांना तेल घाला. तरी हलला नाही तर खालून, पर्लिनखालच्या वळणापाशी हुकच बोल्ट-कटरने तोडा. कटर नसेल तर हातकरवतीने. पात्याचा पत्र्याला स्पर्श होता कामा नये.

दोन मीटरचा पत्रा २७ किलोच्या आसपास भरतो, तीन मीटरचा चाळीसच्या. दोघांनी सरळ उचलून खालच्या दोघांच्या हातात द्यायचा. एकावर एक घसरवायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही. खाली कागदावर पाच-सहांची थप्पी लावली की पुन्हा पाणी मारायचं, दोन पदरी कागदात गुंडाळून चिकटपट्टीने बंद करायचं आणि वर ठळक लिहायचं : ‘ॲसबेस्टॉस, फोडू नये’. तुकडे हाताने वेचून जाड पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. पर्लिन आणि भिंतीचा माथा ओल्या फडक्याने पुसायचा आणि फडकंही पिशवीत टाकायचं. केरसुणी नाही, घरचा व्हॅक्यूमही नाही. तो बारीक तंतू मागच्या तोंडाने परत हवेत सोडतो.

मास्क एफएफपी-३ वर्गाचा घ्या, किंवा रबरी अर्धा मास्क आणि त्याला धुळीसाठीचा पी-३ फिल्टर. गाड्या रंगवणारे जे दोन डब्यांचे मास्क लावतात, त्यांतले डबे नुसत्या वासासाठीही असतात. खरेदी करताना ‘पी-३’ किंवा ‘पी-१००’ लिहिलंय का ते पाहा. नाकाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क निरुपयोगी. दाढी वाढलेली असेल तर चांगला मास्कही कडेने हवा ओढतो, तेव्हा सकाळी दाढी करूनच या. कपडे जुने, फेकायचे असे. काम संपल्यावर अंगावरच पाणी मारा, कपडे उतरवून पिशवीत टाका, मास्क सगळ्यात शेवटी काढा, मग डोक्यावरून आंघोळ. हे कपडे घरच्या धुण्यात जाऊ देऊ नका.

नव्या पत्र्याबद्दल एकच सूचना. जुना पत्रा चौरस मीटरला तेरा किलोच्या आसपास वजनाचा होता. अर्ध्या मिमीचा रंगीत लोखंडी पत्रा पाच किलोच्या आत भरतो. जुनं छप्पर निम्मं स्वतःच्या वजनावर बसलेलं होतं, नवं वाऱ्याने उचललं जाईल. पर्लिन भिंतीत पक्के बांधून घेतल्याशिवाय नवा पत्रा चढवू नका.

प्रश्न : निसर्ग चक्रीवादळात आमच्या आणि शेजाऱ्यांच्या छपरांचे तुकडे झाले. ते विहिरीमागे ढीग करून ठेवले आहेत. ग्रामपंचायत म्हणते, रस्त्याच्या खड्ड्यांत टाका. चालेल का?
— एक वाचक, श्रीवर्धन

नाही. जून २०२० पासून ढीग पडून आहे, म्हणजे कडा झिजलेल्या आहेत. खड्ड्यात टाकले तर प्रत्येक टेम्पो त्यांचं पीठ करील, आणि एप्रिल-मे महिन्यांत ते पीठ रस्त्याकडेच्या घरांत जाईल. भंगारवाल्याला देणं, पाणंदीला भर म्हणून वापरणं, खाडीत टाकणं ही सगळी त्याचीच रूपं.

२०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत टाकून दिलेल्या ॲसबेस्टॉसचं नाव आहे. अडचण अशी, की ती यादी कारखाने डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे, त्यामुळे घरातले चाळीस तुकडे घेऊन गेलात तर समोरचा माणूस हात वर करण्याची शक्यता जास्त. घातक कचऱ्याची अधिकृत केंद्रं राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी आहेत. श्रीवर्धनला तळोजा जवळचं. एकट्याने गाडी करणं परवडणार नाही. वाडीतल्या सगळ्यांचा माल एकत्र करा आणि ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या रायगडच्या कार्यालयाला पत्र द्या. ‘कुठे टाकू’ असं विचारू नका. ‘इतका माल गुंडाळून तयार आहे, उचलण्याची परवानगी आणि दर कळवा’ असं लिहा. तसं लिहिलं तर उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

तोवर ढीग पावसाळी दिवशी, साबणपाणी मारून, वर सांगितल्याप्रमाणे पिशव्यांत भरा आणि विटांवर उंचावर, ताडपत्रीखाली ठेवा. पुरण्याचा मोह होईल. तंतू मातीतून झिरपत विहिरीत जात नाही हे खरं, पण दहा वर्षांनी तिथे नारळाचा खड्डा खणणाऱ्याला ते ठाऊक नसेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या १९७० च्या दशकातल्या इमारतीत पावसाच्या पाण्याचे करडे पाइप आहेत. प्लंबर ग्राइंडरने कापायला लागला तेव्हा थांबवलं. बरोबर केलं का?
— सचिव, एका गृहनिर्माण संस्थेच्या, डोंबिवली

अगदी बरोबर. त्या काळातले करडे, जाड भिंतीचे, सिमेंटसारखे दिसणारे पाइप बहुतेक ॲसबेस्टॉस सिमेंटचे असतात. प्लंबर त्यांना ‘एसी पाइप’ म्हणतात. घरगुती कामांत सगळ्यात जास्त धूळ ग्राइंडरच करतो : चकती मिनिटाला हजारो फेरे फिरते आणि पाइपचं पीठ करून इमारतीमधल्या चौकात फेकते. चौक हा विहिरीसारखा असतो, धूळ वरच्या प्रत्येक खिडकीत जाते. असा पाइप कापायचाच नसतो. तो तुकड्यातुकड्यांनी सांध्यात सांधा घालून बसवलेला असतो. ओला करून, वरून खाली, क्लॅम्प सोडवत सांध्यापाशी अख्खा तुकडा उतरवायचा आणि पीव्हीसी लावायचा. एका तुकड्यासाठी सांधा सुटतच नसेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळून हातकरवतीने. डिश अँटेना किंवा केबलसाठी सिमेंटच्या पत्र्याला ड्रिल मारू देऊ नका. क्लॅम्प भिंतीला लावता येतो.

प्रश्न : सिमेंटच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवतो. प्यावं का?
— गृहिणी, भोर

ॲसबेस्टॉस पोटात गेल्याने अपाय होतो असा ठोस पुरावा नाही, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा ठरवलेली नाही. पक्ष्यांची घाण आणि शेवाळ हीच जास्त मोठी अडचण. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी वाहू द्या, पुढचं गाळून उकळा. एक गोष्ट पाळा : टाकीच्या तळचा गाळ काढून परसात वाळत टाकू नका. ओलाच पिशवीत भरा.

प्रश्न : गेल्या रविवारी यजमानांनी अंगणात ग्राइंडरने चार पत्रे कापले, तासभर. मी नंतर झाडलं, कपडे धुतले. नऊ वर्षांचा मुलगा तिथेच होता. आता काय? एक्स-रे काढू का?
— एक वाचक, नागपूर

एक्स-रेमध्ये आत्ता काही दिसणार नाही. ॲसबेस्टॉसचे आजार दिसायला दहा ते चाळीस वर्षं लागतात आणि ते मुख्यतः वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांना होतात. एका तासाच्या धुळीने वाढणारा धोका शून्य नसतो, पण लहान असतो. मुलाच्या बाबतीत सावधपणा जास्त हवा, कारण त्याच्यापुढे वर्षं जास्त आहेत. पण त्याचा अर्थ पुन्हा असं होऊ न देणं, रात्रंदिवस धास्तावणं नव्हे. यजमान सिगारेट-बिडी ओढत असतील तर आजपासून बंद : धूर आणि ॲसबेस्टॉस मिळून फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. तारीख वहीत लिहून ठेवा, पुढे कधी छातीचा त्रास झाला तर डॉक्टरांना सांगता येईल.

आता जे उरलं आहे ते काढा. अंगण साबणपाण्याने भिजवून चिखल फावड्याने पिशवीत भरा. ओसरी, खिडक्यांचे गज, फर्निचर ओल्या फडक्याने पुसा; फडकं तेच पुन्हा बादलीत पिळू नका, घडी उलटत जा आणि फेका. नागपूरकर म्हणून खास विचारतो : त्या वेळी कूलर चालू होता का? असेल तर त्याने अंगणातली हवा ओढली. जाळीतलं गवत किंवा वाळा ओला असतानाच काढून पिशवीत भरा आणि नवा बसवा. सतरंज्या झटकू नका.

प्रश्न : सिडनीत आम्ही १९६५ सालचं घर घेतलं. बाथरूम नवं करायचं आहे, टाइल्स मीच काढणार होतो. शेजारी ‘फायब्रो’ असेल म्हणाले.
— एक वाचक, सिडनी

असण्याचीच शक्यता जास्त. ऑस्ट्रेलियात ॲसबेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ३१ डिसेंबर २००३ ला, आणि १९९० पूर्वीच्या घरात ते आहे असं धरूनच तिथे काम करतात. ‘फायब्रो’ म्हणजे सपाट ॲसबेस्टॉस सिमेंटची चादर : बाथरूमच्या भिंती, छज्ज्याखालचा भाग, कधी बाहेरची अख्खी भिंत. टाइल त्याला चिकटलेली असते. छिन्नी मारली की टाइलबरोबर फायब्रोही फुटतो. म्हणून टाइलसकट चादर एका तुकड्यात उतरवतात.

न्यू साउथ वेल्समध्ये १० चौरस मीटरपर्यंतचा घट्ट, हाताने भुगा न होणारा माल लायसनशिवाय काढता येतो. तुमचं बाथरूम दोन बाय अडीच मीटरचं आणि भिंती २.४ मीटर उंच असतील, तर घेर नऊ मीटर, म्हणजे साडेएकवीस चौरस मीटरच्या आसपास भिंत. दार वजा केलं तरी मर्यादेच्या कितीतरी पुढे. तेव्हा लायसनवाला माणूसच बोलवा. त्याआधी नाटा (प्रयोगशाळांना मान्यता देणारी तिथली संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या. जमिनीवर जुनं व्हायनिल असेल आणि ते उचलल्यावर खाली करडं, पुठ्ठ्यासारखं अस्तर दिसलं, तर तिथेच थांबा, खोली बंद करा. ते अस्तर हाताने कुस्करतं. त्याला प्रमाण कितीही असो, वरच्या वर्गाचं लायसन लागतं.

प्रश्न : आईच्या जुन्या सामानात दूध तापवताना पातेल्याखाली ठेवायची तारेची जाळी सापडली, मधोमध पांढरा गोल. हेही ॲसबेस्टॉस का?
— एक वाचक, मिरज

बहुधा हो. शाळेच्या प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर ठेवत तीच ही. आजच्या जाळ्यांवर सिरॅमिकचा थर असतो, जुन्यांवर ॲसबेस्टॉसचा. ही जाळी छपरापेक्षा वाईट, कारण इथे तंतूला सिमेंटचा आधार नाही. पांढरा भाग नखाने सुटतो. घासू नका, धुऊ नका. पाण्याचा हबका मारून दोन पिशव्यांत बंद करा. पत्रे काढणाऱ्या कोणाचा माल जाणार असेल, त्याच्या गाठोड्यात ती घाला.